फुलपात्रभर आसव

इंग्लंडात मेडनहेडच्या आगाशेंच्या घरात एक शब्द चालत नसे. बाकी सगळं चाले. डॉक्टर माधव आगाशे बेकन खात, रविवारी दुपारपर्यंत पायजम्यात लोळत, श्राद्धाच्या दिवशी क्रिकेट बघत. त्यांची बायको प्रमोदिनी कशालाच हरकत घेत नसे. पण पाहुण्यांपैकी कुणी गमतीत जरी ‘दारू’ म्हणालं, की ती उठून आत जाई आणि चहाचं आधण ठेवी. लंडनच्या एजवेअरहून येणारी मंडळी म्हणत, किती हे सोवळं! सोवळं कसलं, डोंबलाचं. ती त्या शब्दाला भीत होती.

त्याचं मूळ चौऱ्याऐंशी सालच्या डिसेंबरात होतं. माधवराव तेव्हा व्हिस्कीच्या पार आहारी गेले होते. पॅथॉलॉजिस्ट माणूस! दारूने नासलेली लिव्हरं रोज भिंगाखाली बघायची आणि घरी येऊन तीच ग्लासात ओतायची, याला काय म्हणावं? प्रमोदिनीने रडून पाहिलं, बाटल्या सिंकमध्ये रित्या करून पाहिल्या, अबोला धरून पाहिला. काही उपयोग झाला नाही. मग एका संध्याकाळी आठ वर्षांच्या मीनलला स्विमिंगहून आणताना त्यांनी गाडी घराच्याच फाटकावर घातली. पोरीची हनुवटी फुटली, टाके पडले.

हॉस्पिटलातून परत आल्यावर माधवरावांनी तिला किचनमधल्या देव्हाऱ्यापुढे उभं केलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “मीनलची शपथ. आजपासून दारूला शिवणार नाही.”

त्यांचे डोळे वाहत होते. प्रमोदिनीच्या जिवात जीव आला. पट्टी बांधलेल्या तोंडाने मीनलने विचारलं, शपथ म्हणजे काय? आणि प्रमोदिनीने, वाईच्या वैद्यांच्या या शहाण्या लेकीने, तिला सगळं नीट समजावून सांगितलं. ज्याच्या डोक्यावर हात ठेवतात, शपथ मोडली तर त्याच्या जिवावर बेततं. म्हणून बाबा आता कधी, कधी म्हणजे कधीच पिणार नाहीत. काय गरज होती हो सांगायची? पण आनंदात माणसाला भान राहत नाही.

व्हिस्की सुटली. सुटली म्हणजे खरंच सुटली, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. पण माणूस चिपाड झाला. अन्न जाईना, झोप येईना, पेला धरला की हात थरथरायचा. प्रमोदिनीला वाटे, यांना शक्ती आली पाहिजे. तिच्या माहेरी शक्ती म्हणजे द्राक्षासव. बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला, परीक्षेच्या पोराला, सगळ्यांना वडील तेच द्यायचे. जेवणानंतर दोन चमचे, बरोबर दोन चमचे पाणी. मेडनहेडमध्ये द्राक्षासव कुठलं मिळायला?

ते तिला शेजारच्या मिसेस व्हीलरमुळे मिळालं. ही म्हातारी सप्टेंबर लागला की बादली घेऊन कुकहॅमच्या वाटेला जाई. तिकडे शेतांच्या कडेने झाडाझुडपांची दाट कुंपणं आहेत. त्यात ब्लॅकबेरी असतात, आणि एल्डरबेरीचे काळे बारीक घोस वाकलेले असतात. फुकटचा माल, कुणीही तोडावा. म्हातारीने प्रमोदिनीला एकदा बरोबर नेलं. घरी आल्यावर जेवणाच्या काट्याने घोसांवरचे दाणे कसे ओरपून काढायचे, उकळतं पाणी आणि साखर घालून कसे मुरवायचे, मग गाळून काचेच्या मोठ्या बरणीत भरून तोंडाला वाकडी नळी कशी लावायची, सगळं शिकवलं. आमची आई छातीतल्या कफाला हेच द्यायची, असंही म्हणाली. प्रमोदिनीने तो जांभळा रस उजेडात धरला. द्राक्षासवाचाच रंग! तिने वाईहून धायटीची फुलं मागवली, कारण वडील आसवात ती घालत. मिसेस व्हीलरने यीस्टची पुडी दिली, तीही घातली. बरणी कोपऱ्यात बुडबुड करत राहिली आणि प्रमोदिनीला माहेरची औषधांची खोली आठवून बरं वाटलं.

आता तुम्ही म्हणाल, वैद्याच्या मुलीला कळू नये? अहो, कळण्याचा प्रश्नच नव्हता. दारू म्हणजे लेबल लावलेल्या बाटलीतून येते ती. वडिलांच्या फडताळातून येतं ते औषध. आसव आंबतं हे तिला ठाऊक होतं, इडलीचं पीठ आंबतं हेही ठाऊक होतं.

दोन चमच्यांनी माधवरावांना भूक लागली. वाटीभराने झोप लागली. पुढच्या वर्षी ते जेवणाआधीही घेऊ लागले, पाणी घालणं बंद झालं, आणि वाटीच्या जागी स्टीलचं फुलपात्र आलं. कधी बागेतलं तण उपटायला न वाकलेला हा माणूस सप्टेंबरात दर रविवारी बादल्या आणि आकडी घेऊन सर्वांच्या आधी गाडीत जाऊन बसे. उंचावरचे घोस आकडीने खाली ओढी, मीनलला चिडवी, बोटं जांभळी करून घेई. शेडमधल्या बरण्या वाढत गेल्या. खरं सांगायचं तर ती त्यांच्या संसाराची सुखाची वर्षं होती. मीनल तेवढी हळूहळू यायची बंद झाली. डोक्याला तेलही लावून घेईना. आई जवळ आली की मान काढून घ्यायची. शाळेत तेलाच्या वासाला हसत असतील, प्रमोदिनीने स्वतःची समजूत घातली. इथल्या मुली अशाच.

मग एका दिवाळीला तिने मिसेस व्हीलरला फराळाचं ताट नेऊन दिलं आणि बरोबर बाटलीभर आसव. म्हातारीने एक घोट घेतला, भुवया उंचावल्या आणि म्हणाली, बाई, ही तर माझ्याहून कडक वाईन जमलीय तुला, याने घोडासुद्धा आडवा होईल. मग सहज विचारलं, एवढ्या बरण्यांचं करता काय, पार्ट्या देता का? प्रमोदिनी हसली. घरी येऊन मात्र ती कोट न काढता जिन्याच्या पायरीवर बसून राहिली.

त्या दिवशी तिने फुलपात्राऐवजी चमचा पुढे ठेवला. माधवराव चमच्याकडे बघत राहिले. त्यांचा हात थरथरत होता, अगदी त्या पहिल्या डिसेंबरासारखा.

“अहो,” ती म्हणाली, “ही दारूच ना?”

ते तिच्याकडे बघेनात. वर मीनलच्या खोलीत टेप चालू होता, त्या छताकडे बघत म्हणाले, “आसव आहे. तूच म्हणालीस. मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवलाय, प्रमोदिनी. दारू कशी असेल?”

बस्स. तिला कळून चुकलं. याला सगळं पहिल्या चमच्यापासून माहीत होतं. आणि आता तो शब्द प्रश्न म्हणून नाही, खरा म्हणून जो पहिल्यांदा उच्चारील, तो शपथ मोडील. न उच्चारला तर आसव. उच्चारला तर मीनलचा जीव. तिला नवऱ्याचा असा संताप आला, की ताट भिंतीवर फेकावंसं वाटलं. पण तिने चमचा उचलला, फुलपात्र आणलं आणि काठोकाठ भरलं. तेव्हापासून दोघांनी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. बाई दर सप्टेंबरात दाणे ओरपी, गाळी, भरी. आणि देव्हाऱ्यापुढे हात जोडताना फक्त मुलीचं नाव घेई.

शहाण्णव साली मीनल वीस वर्षांची होती. युनिव्हर्सिटी सुरू व्हायच्या आधी घरी आली होती. त्या आठवड्यात माधवराव एका उंच घोसासाठी कुंपणात शिरले, तोल जाऊन चरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलात नेहमीचे प्रश्न झाले. ड्रिंक घेता का? माधवराव दुखण्याने कण्हत होते, पण त्यांनी स्वच्छ उत्तर दिलं, टीटोटल, थेंबही नाही. गेली बारा वर्षं सगळ्या ख्रिसमस पार्ट्यांत ऑरेंज ज्यूस पिणारा डॉक्टर; कोण शंका घेणार? ऑपरेशन व्यवस्थित झालं.

त्यानंतर त्यांना कापरं भरलं. घाम फुटला. ते कुणाला ओळखेनात. पलंगावर अर्धे उठून ते पांढऱ्या चादरीवरून काहीतरी वेचत होते. चिमटीने तोडत होते आणि पलंगाच्या कडेला, नसलेल्या बादलीत टाकत होते. “हा घोस बघ, किती पिकलाय,” असं काहीतरी पुटपुटत होते. प्रमोदिनी आणि मीनल पलंगाशी उभ्या होत्या. ते काय तोडताहेत हे त्या वॉर्डात फक्त दोघींना कळत होतं.

तरुण डॉक्टर आला. म्हणाला, इन्फेक्शन असेल, डोक्याला मार असेल, तपासण्या चालू आहेत. पण पुन्हा विचारतो, हे पितात का? थोडंसुद्धा? कारण एकदम बंद झाल्यामुळे असं होत असेल, तर उपचार वेगळे असतात आणि ते लगेच करावे लागतात.

त्याने ‘लगेच’ हा शब्द दोनदा म्हटला. प्रमोदिनीने नवऱ्याकडे पाहिलं. मग शेजारी उभ्या मीनलकडे पाहिलं. तिचा तो सरळ भांग, त्याच जागी ठेवलेला बारा वर्षांमागचा हात. दोन माणसं, आणि तिच्या जिभेवर एक शब्द. एकीचा जीव घेऊन दुसऱ्याचा वाचवायचा, असं कुठल्या आईने करावं?

“नो,” ती म्हणाली. “नेव्हर.”

मीनलने तिच्याकडे नुसतं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माधवरावांना फिट आली. पडदे ओढले गेले, माणसं धावली. तोच डॉक्टर बाहेर आला आणि त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. प्रमोदिनी मीनलला म्हणाली, जा, खालून चहा घेऊन ये. पोरीच्या कानांवर तरी पडायला नको, एवढाच तिचा हिशेब. मीनल जागची हलली नाही. ती आईला ओलांडून डॉक्टरपुढे गेली आणि इंग्रजीत, अगदी संथ आवाजात म्हणाली, घरची वाईन. एल्डरबेरीची. दिवसाला दीड-दोन बाटल्या. मी दहा वर्षांची असल्यापासून.

प्रमोदिनीने धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. पण शब्द बाहेर पडला होता. डॉक्टर आत पळाला होता.

उपचार सुरू झाले. कापरं थांबलं, चादरीवरचं वेचणंही थांबलं. पण तोवर छातीत न्यूमोनिया बसला होता आणि लिव्हरमध्ये काही त्राण उरलं नव्हतं. माधवराव त्याच आठवड्यात गेले. आदल्या दिवशीच सांगितलं असतं तर वाचले असते का, हे प्रमोदिनीने कुणाला विचारलं नाही. कुणी आपण होऊन सांगितलंही नाही.

क्रिमेटोरियमहून परत आल्यावर दोघी किचनमध्ये बसल्या. मागे शेडमध्ये यंदाच्या बरण्या अजून बुडबुडत होत्या. प्रमोदिनी मुलीवरून नजर हलवत नव्हती. ती खोकली तरी हिचं काळीज हले. शेवटी न राहवून म्हणाली, तू काही दिवस गाडी चालवू नकोस, मीनू.

मीनलला कळलं. ती हनुवटीवरच्या जुन्या व्रणावर बोट फिरवत राहिली.

“मला माहीत होता, आई,” ती म्हणाली. “स्कूलमध्ये टीचरनी यीस्ट आणि शुगर बॉटलमध्ये घातला होता. सेम वास. आपल्या शेडची वास. मी कोणाला नाही सांगितला. सांगितला की खरं होणार ना? मला वाटायचं, मी मरणार. प्रत्येक बर्थडेला वाटायचं, ओके, नॉट धिस इयर.”

“अगं, मग मला का नाही...”

“तू रोज ओतायची. मला वाटलं, तुला चालतंय.”

इतकी वर्षं प्रमोदिनीने ज्या पोरीला जपण्यासाठी जीभ आवळून धरली, ती पोर वरच्या खोलीत एकटी मरण्याची वाट बघत बसली होती. प्रमोदिनी हुंदका देत उठली. पोरीला जवळ घ्यावं, म्हणून तिने केसांवरून फिरवायला हात पुढे केला.

मीनलने मान काढून घेतली.

“डोक्यावर हात नको, आई,” ती म्हणाली.