निळं जांभूळ

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. गिरगावातल्या एका आर्किटेक्टच्या कचेरीत मी दिवसभर नकाशे काढायचे आणि संध्याकाळी कुठली ना कुठली सभा गाठायचे. मुंबई घ्यायचीच, ही रग अंगात भिनलेली. कुणाचं 'नाही' ऐकून घेणं मला तेव्हा जमतच नव्हतं.

लोअर परळला गिरणी कामगारांच्या सोसायटीची इमारत उठायची होती. तिच्या आवाराची आखणी साहेबांनी माझ्याकडे दिली. माझं पहिलंच अंगण, मी हवेत होते. जागा बघायला गेले तर कडेला जांभळाचं झाड. सोसायटीतले एक मालवणी काका त्याच्या बुंध्यावर हात ठेवून म्हणाले, "ह्या माझ्या बायलेन लावलेला. ती गेली, ह्या रवला. तेवढा सांभाळ गो, चेडवा."

मी शब्द देऊन बसले. कचेरीत येऊन नकाशात झाड हिरवं रंगवलं, तर साहेब हसायलाच लागले. "अहो बाई, हिरवा म्हणजे रस्ता. झाडातून रस्ता काढलात तुम्ही."

मंजुरीच्या नकाशात प्रत्येक गोष्टीचा रंग ठरलेला. नवं बांधकाम लाल, पाडायचं ते पिवळं, आधीपासून उभं ते निळं. झाडाला रंगच नव्हता. म्हणजे उद्या कंत्राटदाराने ते तोडलं तरी विचारणारं कोणी नाही. माझं डोकंच फिरलं. नव्या प्रतीवर मी झाड निळंशार केलं.

"उभं आहे ना? मग निळंच," मी म्हटलं. साहेबांनी कपाळाला हात लावला, पण सही केली. सही त्यांचीच चालायची. आवार आखणाऱ्याला तेव्हा ना परवाना होता ना नाव.

नकाशातलं निळं 'बांधकाम' मोजायला पालिकेचे इन्स्पेक्टर टेप घेऊन आले, तेही ऐन जांभळांच्या दिवसांत. मी झाडाकडे बोट दाखवलं. काकांनी पानावर जांभळं पुढे केली. इन्स्पेक्टर खात खात नियमांचं पुस्तक चाळत राहिले. झाड निळं करू नये, असं त्यात कुठेच नव्हतं. निळी जीभ घेऊन ते गेले आणि आठवड्याभरात नकाशावर शिक्का बसला. मी टेबलांमधून नाचले, लाज सोडून.

पुढे पाया खणायच्या वेळी कंत्राटदाराने ट्रक आत घ्यायला कुऱ्हाडवाले आणलेच. काकांचा निरोप मिळताच मी नकाशाची गुंडाळी घेऊन धावले.

"तोडा की," मी म्हटलं. "आधी नकाशात पिवळं करा आणि पुन्हा मंजूर करून आणा."

मंजुरीचे हेलपाटे त्याच्या चांगलेच ओळखीचे होते. कुऱ्हाडी आल्या पावली परत गेल्या.

राज्य झालं त्या संध्याकाळी अख्खं परळ रस्त्यावर आलं होतं. काका मात्र जांभळाच्या फांदीला कंदील बांधत होते. "काका, मुंबई मिळाली," मी ओरडतच गेले.

"गावली, बरा झाला," ते गाठ मारत म्हणाले. "माका व्हया होता ता तू आधीच दिलंस."

मी खालून कंदील धरून उभी राहिले.