डिकीतले फुगे

माझ्या नातीचं लग्न मी एकदा मोडलं. ते ठरलेलं नव्हतं आणि नात सोळा वर्षांची होती, एवढ्या दोन बारीक गोष्टी सोडल्या तर मोडणं अगदी रीतसर झालं.

तेव्हा आम्ही इंग्लंडात, लेस्टरला होतो. (मी शाळा शिकलो चौथीपर्यंत, पुढचं शिक्षण फाउंड्रीच्या भट्टीसमोर. पण मला कुणी अक्कल शिकवलेली चालत नाही, हे घरात सगळ्यांना पाठ आहे.) नातीच्या, म्हणजे अनूच्या, शाळेत वर्ष संपताना डान्स असतो, प्रॉम म्हणतात त्याला. बरोबर कुणाला न्यायचं तर नुसतं विचारून भागत नाही म्हणे, थाटात, अचानक विचारायचं असतं! अनूला तिच्या वर्गातल्या सोहमला विचारायचं होतं. तिनं माझ्या गाडीच्या डिकीत गॅसचे फुगे कोंबले, त्यांना 'प्रॉमला येशील?' अशी रंगवलेली पाटी बांधली आणि मला काम दिलं. बेल वाजवायची आणि काहीतरी निमित्त काढून सोहमला बाहेर आणायचं.

"आबा, काही सांगायची नाही हां. तो माझा सरप्राइज आहे."

"मेलो तरी बोलणार नाही."

इथवर ठीक होतं. पण सोहमचं घर निघालं मराठी माणसाचं! तिथं रिकाम्या हातानं जायचं? माझ्या आईनं तसं वळण लावलेलं नाही. बेलग्रेव्ह रोडवर, आपल्या देशी दुकानांपाशी, गाडी थांबवून नारळ आणि पेढे घेतले. कोट अंगात होताच, फेटाही चढवला. अनू म्हणत होती, टू मिनिट्सचा काम आहे. मी लक्ष दिलं नाही.

दार उघडलं सोहमच्या आजीनं. साताऱ्याहून आलेल्या. त्यांनी आधी फेटा पाहिला, मग नारळ, मग पेढे, मग माझ्या खांद्यावरून गाडीत नटून बसलेली अनू. आणि डोक्यावर पदर घेतला.

"या, बसा. मुलीला बाहेर का ठेवलंत?"

"वेळ झाली की बोलावू," मी म्हणालो. (सरप्राइज!)

आजींनी पोहे केले. पोह्यांबरोबर चौकशी आली. गाव कोणतं, मुलगी काय शिकते, स्वयंपाक येतो का. मला वाटलं, बाई चौकस आहेत. नातीचं कौतुक करताना मी कधी हात आखडत नाही. स्वयंपाकाचं तर साफ खोटं बोललो. अनूनं टोस्ट भाजला तरी धुराचा अलार्म वाजतो. मधेच म्हटलं, सोहमला जरा बोलवा. तर आजी म्हणाल्या, आधी मोठ्यांचं बोलणं होऊ द्या. हे मलाही पटलं!

एव्हाना अनू वैतागून गाडीबाहेर उभी होती. आजींनी खिडकीतून तिला नीट न्याहाळलं.

"उंचीला जरा कमी पडते. पण आम्ही करून घेऊ."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. शहाण्यानं हात जोडून खुलासा केला असता. पण उंचीला कमी? माझी अनू? (ती माझ्यावर गेलीय.) खुलासा गेला खड्ड्यात. बशी आपटून मी दार उघडलं आणि उंबऱ्यातूनच सुनावलं,

"आमच्या मुलीला छप्पन्न स्थळं येतील. आम्हालाच तुमचा मुलगा नको."

अनूनं ऐकलं. तिचा चेहरा पाहिला आणि माझा फेटा एकदम जड झाला. पोरीनं किती दिवस खपून ती पाटी रंगवली होती, आणि तिनं विचारण्याआधीच मी तिच्या वतीनं नकार देऊन मोकळा!

"आबा," ती म्हणाली, "मी अजून विचारलापण नाही."

माझा आवाज ऐकून सोहम मोज्यांतच धावत बाहेर आला. अनूनं डिकी उघडली. फुगे उसळले, पाटी वर आली. सोहमनं वाचली, आजीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हो, येईन," तो म्हणाला. "पण आजोबांना चालेल का?"

मग त्यानं आजींना डान्सचं सगळं समजावलं. त्या हसून हसून पायरीवरच बसल्या. मी हसलो नाही. मी अजून उंचीवरच अडलो होतो.

डान्सच्या दिवशी दोघांना सोडायला गाडी माझीच. सूट घातलेल्या सोहमला आजी गाडीपर्यंत पोचवायला आल्या आणि काचेतून वाकून मला बजावलं, "आमच्या मुलाला वेळेवर घरी आणा."

उभ्या जन्मात कुणापुढे मान न वाकवलेला मी, चक्क म्हणालो, "हो ताई, आणतो." काय करणार? पडलो ना मुलीकडचे!