हात न शिकलेल्या सिस्टर

आमच्या वॉर्डात 'सर्व्हिस' हा शब्द फार आदरानं उच्चारला जायचा. ज्याची सर्व्हिस जास्त, त्याचं खरं. मी वाशिम जिल्ह्यातल्या एका लहान सरकारी दवाखान्यात प्रसूती विभागात नवीन लागले, तेव्हा तिथल्या इन्चार्ज सिस्टरांची सर्व्हिस माझ्या वयाएवढी असावी. ती त्या रोज कोणाला ना कोणाला ऐकवायच्या. मी त्यांना मॅडम म्हणायचे. मनात काय म्हणायचे ते इथं लिहीत नाही.

मॅडम पेशंटला हात लावत नसत. हे माझ्या उशिरा लक्षात आलं, कारण त्या सतत वॉर्डातच दिसायच्या. खाटेच्या पायथ्याशी उभं राहायचं, "काय बाई, बरं हाये ना?" असं विचारायचं, आणि उत्तर यायच्या आत पुढच्या खाटेकडे सरकायचं. बीपी मशीन सांगे, नाडीही मशीन सांगे, उरलेलं आम्ही पोरी करायचो. नोकरीच्या पहिल्या वर्षात त्या जे काही शिकल्या असतील, तेच वर्ष त्यांनी निवृत्तीपर्यंत पुन्हा पुन्हा काढलं आणि त्याला अनुभव म्हटलं.

मी तरी कुठं शिकून आले होते? कॉलेजात रबरी पोटावर हात फिरवून पास झाले होते. रबरी पोट कधी सैल पडत नाही. इथं पहिल्याच बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवला, तर गर्भाची पिशवी कुठं आणि चरबी कुठं तेच कळेना. आमच्या डॉक्टरबाई जिभेनं तिखट होत्या. त्यांनी माझा हात धरून बेंबीखाली दाबला.

"कडक लागतंय ना? ही आवळलेली पिशवी. सैल लागली तर समज, आत रक्त वाहतंय, बाहेर दिसो न दिसो. प्रत्येकीला हात लाव. काही झालेलं नसलं तरी लाव."

मी लावत गेले. बारीक बायका, जाड बायका, जुळं झालेली, चौथ्या खेपेची. कडक म्हणजे काय, हे धडधाकट बाळंतिणींनीच मला शिकवलं. ते हाताला नक्की कधी कळायला लागलं, सांगता येत नाही. पण पुढं पुढं मी तोंडानं बाळाच्या आजीशी गप्पा मारायचे आणि हात आपलं काम करत राहायचा. मॅडम म्हणायच्या, "काहून चिवडून राह्यली तू त्या बायकायले? मशीन कायले देली मंग?"

एका दुपारी ऊसतोडीहून नुकतीच परतलेली एक बाई बाळंत झाली. तिसरी खेप, पोरगी झाली. बाई भलती बोलकी. ट्रकमधला प्रवास, मुकादमाची नक्कल, सगळं सांगून झालं. मग तिनं पाणी मागितलं. पुन्हा मागितलं. चादर लाथेनं बाजूला सारली आणि या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. तिची सासू माझ्याजवळ आली.

"बाई, हे गप झाली. हे गप राह्यनारी नाही."

मॅडम पायथ्याशी आल्या, मशीनकडे पाहिलं. "बीपी तं बराबर हाये. गर्मी होऊन राह्यली तिले. या लोकायले सवय असते, काही होत नाही. पंखा फिरव तिच्याकडं."

मी पोटावर हात ठेवला. कणकेच्या गोळ्यात बोटं जावीत तशी आत गेली. पिशवी वर सरकून एका बाजूला कललेली, आणि खाली लघवीची पिशवी तट्ट फुगलेली.

"मॅडम, पिशवी सैल हाये."

"तुले काय समजते? माह्यी सर्व्हिस—"

पुढचं मी ऐकलं नाही. जोरात चोळायला लागले, तशा खालून रक्ताच्या गाठी बाहेर पडल्या आणि मागोमाग लाल रक्त. आत्तापर्यंत ते आतच साठत होतं. सासू भिंतीला टेकून खाली बसली. माझ्या जोडीच्या सिस्टरनं डॉक्टरबाईंना हाक मारली आणि लघवीची नळी घातली. पिशवी आवळायचं इंजेक्शन गेलं, दुसरी सलाईन लागली. मॅडम दोन पावलं मागं सरकून फरशी पुसायला बाईला बोलवा म्हणत होत्या. समोर माणूस रिकामं होत होतं आणि यांना फरशीची काळजी.

डॉक्टरबाई आल्या, माझ्या हातावर हात ठेवून त्यांनी पाहिलं. "सोडू नकोस," एवढंच म्हणाल्या. हळूहळू तळव्याखाली कडकपणा आला, गेला, परत आला आणि टिकला. रक्ताची बाटली वाशिमहून आणावी लागली. संध्याकाळी ती बाई डोळे उघडून सासूला म्हणाली, "रडून कायले राह्यली? पोरीले दे इकडं." माझं मनगट इतकं ठणकत होतं की मला वेणीही घालता येईना.

मॅडमना कळलं नाही, याचा मला राग नाही. न कळणं कोणाच्याही वाट्याला येतं. पण तुला कसं कळलं, हे त्यांनी मला कधीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून "बरं हाये ना?" म्हणाल्या आणि पुढं गेल्या. इतकी वर्षं इतक्या बायका समोरून गेल्या आणि एकीबद्दलही कुतूहल वाटू नये, याची मला किळस येते. ती अजून गेलेली नाही.

त्यांच्या निरोप समारंभाला शाल, श्रीफळ, सगळं झालं. भाषणात त्यांनी हाच प्रसंग सांगितला. त्यात पेशंटकडे आधी त्यांचंच लक्ष गेलं होतं आणि "पोरी घाबरून गेल्या होत्या." टाळ्या पडल्या. डॉक्टरबाईंची तोवर बदली झाली होती. मग सूत्रसंचालकानं मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं.

मी उठले. म्हणाले, "मॅडम होत्या तोपर्यंत वॉर्डात चादरी कधी कमी पडल्या नाहीत."

ते खरंच होतं. दुसरं खरं काही आठवेना, म्हणून खाली बसले.