पेडलवरची जागा

आमच्याकडे लष्कराच्या लिलावातून घेतलेली जुनी जीप होती. साठ सालानंतरची गोष्ट. यजमान तिच्यातून अक्कलकुव्याहून धडगावला माणसं न्यायचे. घाट कच्चा, आणि मेकॅनिक जवळपास नाही, त्यामुळे ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की चाकांकडे तेल ढकलणारा भाग, ते स्वतःच खोलत. आतली रबरं बदलून तेल भरलं की नळ्यांत शिरलेली हवा काढावी लागते, आणि त्याला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून पेडल दाबून धरायचं आणि ‘धरलं’ म्हणून सांगायचं. मग दुसऱ्याने चाकामागचा नट सैल करायचा, बुडबुडे निघाले की आवळायचा आणि ‘सोड’ म्हणायचं. नट उघडा असताना पाय उचलला तर हवा पुन्हा आत, आणि ब्रेक लागत नाही.

लग्नापासून वर बसणारी मी. एरवी सासू-सासऱ्यांसमोर आम्ही नवरा-बायको एकमेकांशी बोलत नसू. ब्रेकच्या दिवशी मात्र अंगणात सगळ्यांदेखत ते ‘दाब’ म्हणत आणि मी ‘धरलं’ म्हणे. कुणी काही बोलू शकत नव्हतं. कामच होतं ते.

मला आठवा महिना लागला तेव्हा ब्रेक पुन्हा निकामी झाला. दुसऱ्या दिवशी बाळंतपणासाठी माहेरी निघायचं होतं. मी जीपकडे निघाले तर सासू म्हणाली, “तू नको चढू. नवीले बसू दे.”

नवी म्हणजे माझी धाकटी जाऊ. तापीकाठची, बापाकडे तेलावरचं इंजिन, यंत्राची भीती नाही. अडचण एकच. नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, म्हणजे जेठाशी, धाकटीने बोलायचं नाही. मग ‘धरलं’ कोण म्हणणार? तिनेच माझ्या कानात सांगितलं, “बाई, त्यास्ले सांगा, पेडल दाबी धरं की मी बांगड्या वाजाडसू.”

तोंडावर पदर ओढून ती माझ्या जागेवर बसली. बांगड्या वाजल्या. जीपखालून आवाज आला, “बेस शे! तुन्ही बोंब ऐकानपेक्षा हाई गोड शे.”

ते मला उद्देशून होतं; बोंब म्हणजे माझं ‘धरलं’. मी भाकरी थापत होते. ती भाकरी फाटली.

सगळी चाकं झाली. यजमानांनी वर बसून पेडल दाबलं, ते थेट तळाला गेलं. “नवा रबरच खराब शेतस,” म्हणत त्यांनी सिलिंडर पुन्हा खोलायला पाना घेतला.

रबरं चांगली होती. शेवटच्या चाकाला तिचा पदर घसरला, तो ओढायला तिने हात उचलला, बांगड्या वाजल्या आणि पेडलवरचा पाय सैल पडला. खाली यांनी नट उघडला. मी चुलीपासून पाहिलं होतं, आणि सांगताना मला बरंच समाधान वाटलं.

“पदर ओढा तवय बांगड्या वाजन्यात,” मी म्हणाले. “तुम्ही नट खोला, हवा मझार गई.”

जाऊने खाली पाहिलं. मी जीपमध्ये चढले.

“पोट स्टेअरिंगले लागी ऱ्हायनं!” सासू ओरडली.

“लागू द्या. पाय तं पोचस.”

तिरकी बसून मी सगळी चाकं पुन्हा करून घेतली. ‘धरलं’ गरजेपेक्षा जरा मोठ्याने म्हटलं. पेडल दगडासारखं घट्ट लागलं. उतरताना यजमानांना बजावलं, “मी येवापर्यंत ब्रेकले हात लावा नका.”

“आन् ब्रेक गया तं?”

“तं बैल जुपा.”

बाळ घेऊन मी परतले तेव्हा रीत बदललेली होती. मधे ब्रेक गेला होता, आणि घाटात जीव जाण्यापेक्षा बरं म्हणून सासूनेच धाकटीला जेठाशी एक शब्द बोलायची मोकळीक दिली होती. ‘धरलं.’ बाकी एक अक्षर नाही. शेजारणीने सांगितलं, आवाज मोठा गोड आहे हो तिचा.

काही दिवसांनी यजमानांनी अंगणातून हाक मारली, “पेडलवर कोनी तरी या वो!”

कोनी तरी! जाऊ हात पुसत उठली. मी पोर सासूच्या मांडीवर टाकलं आणि जाऊच्या आधी पेडलवर पोचले.