काटा बरोबर आहे

नायगावात माझ्याबद्दल कुणी वाईट बोलत नाही, आणि तीच माझी अडचण होऊन बसली. चांगला म्हणवून घ्यायची सवय लागली की अशी गोष्ट तोंडातून काढायची कशी? बायकोला सांगितलेली नाही. ज्यांना सांगायला हवी होती त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतो — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनही असेल.

मी आयटीआयमध्ये वायरिंग शिकवायचो. बावीस वर्षं, बहुतेक फळ्यावरच. माझ्या हातानं उभं केलेलं असं घरात काही नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्माईलभाईचं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, ग्रिल, खिडक्या — हेच काम. त्यानं दोन वर्षं खपून एक गाडी बनवली. इंजिन जुन्या व्हॅनचं, सीट भंगारातल्या, पण सांगाडा सगळा त्याच्या हातचा. आणि वायरिंग त्याच्या मुलीचं, सनाचं. बारावीला होती. माझी जुनी पुस्तकं नेऊन वाचायची. तिनं ओढलेल्या वायरी पहिल्यांदा बघितल्या तेव्हा मला आनंद झाला का? नाही. माझ्या वर्गातून इतकं नीट काम करणारं एकही पोरगं निघालं नव्हतं, आणि ही वर्गात न बसताच शिकली होती.

लातूरच्या एका कॉलेजात घरी बनवलेल्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. मैदानाला फेऱ्या मारायच्या, परीक्षक बघणार. सनाला इंजिनिअरिंगला जायचं होतं. तिच्या मामांना ते पसंत नव्हतं. इस्माईलभाई म्हणायचा, एकदा लोकांना गाडी बघू द्या, मग कोण बोलतंय ते बघू.

आदल्या दिवशी दुपारी त्यानं मला बोलावलं.

"सर, पेट्रोलचा काटा अर्ध्यावर बसून राहिलाय. मला भरोसा वाटंना. टाकीची नळी वाकडी हाय, आत काडी बी जात न्हाई."

सना शेजारीच उभी होती. म्हणाली, "सर, मला अर्थिंगचा डाउट हाय. टाकी रबरावर बसवलीय, आन् अब्बांनी सगळ्यावर रंग मारला. वायर रंगावरच कसलीय, लोखंडाला टेकतच न्हाई. म्हणून काटा खोटं दाखवत असंल."

इस्माईलभाई चहा सांगायला गेला. ती रंग घासायला पॉलिश पेपर आणायला घरात गेली. मी टाकीखाली वाकलो. वायरीचा एक तुकडा घेऊन काट्याला पातळी कळवणारा फ्लोट टाकीला जिथं बसवला होता तिथून सांगाड्याच्या उघड्या लोखंडाला टेकवला आणि मान वर करून बघितलं. काटा सरकत खाली आला. पार लाल रेघेवर. टाकीत जवळजवळ काहीच नव्हतं — आणि काटा खोटं दाखवतोय हे पोरीनं मीटर न लावता ओळखलं होतं.

मी वायर काढली. काटा पुन्हा अर्ध्यावर गेला.

सना पॉलिश पेपर घेऊन आली तेव्हा मी हात पुसत होतो. म्हणालो, "अर्थिंग ठीक आहे. काटा बरोबर आहे. अर्धी टाकी मैदानाला पुष्कळ झाली."

"पण सर —"

"बावीस वर्षं मी काय करून राहिलो मग?"

तिनं कागदाची घडी घातली. इस्माईलभाई चहा घेऊन आला आणि म्हणाला, सरांनी बघितलं ना, झालं मग.

मला काय हवं होतं? गाडी एकदा थांबावी, लोकांसमोर. एवढंच — असं मी स्वतःला सांगत आलो. पण ते एवढंच नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

ट्रॉलीवर घालून गाडी लातूरला नेली. मीही गेलो. दुसऱ्याच फेरीत दोन आचके दिले आणि बंद पडली. पोरं हसली, मोबाईल वर झाले. इस्माईलभाई खाली उतरून एकटाच ढकलायला लागला. परीक्षकानं काटा बघितला, टाकी वाजवून बघितली आणि विचारलं, वायरिंग कुणाचं?

सना पुढं झाली. परीक्षकानं माझ्याकडे बघितलं, कारण इस्माईलभाईनं माझी ओळख आयटीआयचे सर म्हणूनच करून दिली होती. तेव्हा तरी बोलायचं होतं की नाही? मी बोललो.

"तिचंच काम आहे. लहान आहे, चुकतं."

येताना चाकूरच्या पुढं ती हळूच म्हणाली, "सर, तुम्ही खरंच वायर लावून बघितली होती?"

"बघितली होती."

हे मात्र खरं होतं.

आठवड्याच्या आत इस्माईलभाईनं गाडी गॅस कटरनं कापली. सनाला हात लावू दिला नाही. मामांचं म्हणणं खरं ठरलं. तिनं बी.ए. केलं, मग तिला देगलूरला दिली.

इस्माईलभाई अजून मला वाकून सलाम करतो. मागच्या महिन्यात दुकानासमोर थांबवून सांगत होता, "सना आलती, सर. तिच्या घरातला पंखा बंद पडला तर मिस्त्री बोलावते म्हणं. मी म्हटलं, तूच बघ की. तर म्हणती, न्हाई अब्बा, मला त्यातलं काही समजत न्हाई."

सांगताना तो हसला. मीही हसलो.