नगरचा वेढा

करंजाडेला आमच्या सोसायटीत पोरांनी दिवाळीचा किल्ला केलाय. ओल्या मातीचा आणि नुकत्या उगवलेल्या मोहरीचा वास आला आणि मी थेट नगरच्या आमच्या अंगणात पोचलो.

लहानपणी एका दिवाळीत आम्ही रायगड सोडून आमच्या नगरचाच भुईकोट केला होता. इंग्रजांनी त्याला वेढा घालून तोफांनी तट फोडला, ही गोष्ट वडिलांनी सांगितलेली. किल्लेदार मी. शेजारचा बंडू इंग्रज, आणि गोट्या हे त्याचे तोफगोळे. गल्लीचा नियम असा, की जिंकेल त्याचा किल्ला आणि आतले मातीचे मावळेही त्याचेच.

उन्हं तापेपर्यंत तट ढासळला.

"शरण ये रे!" बंडू ओरडला.

"मेलो तरी नाही!" मी चिखलाचा गोळा घेऊन धावलो.

तेवढ्यात माझी थोरली बहीण, माई, पाण्याची बादली घेऊन मधे उभी राहिली. "किल्ला घे, बंड्या. पण मावळे आम्ही नेणार. नाहीतर आत्ता सगळ्याचा चिखल करते."

बंडू मुकाट कबूल झाला. ओल्या रंगाचे मावळे माईने फ्रॉकच्या ओच्यात भरले. भाऊबीजेला मी तिच्याकडून ओवाळून घेतलं नाही.

पुढे माझं आयुष्य सौदे करण्यातच गेलं. तट पडला की शरण जाणाऱ्याचा भाव घटकेघटकेला उतरतो, हे आता कळतं. खऱ्या किल्लेदारानेही माणसं आणि चीजवस्तू सुखरूप काढूनच किल्ला सोडला होता. माईचा सौदा चोख होता.

पण किल्लेदार मी होतो. तिने मला एका शब्दाने विचारलं नाही.