पायाला कंबर नाही

वजन कमी करायचं म्हणून पंचेचाळिशी ओलांडल्यावर मी सायकल घेतली. वजन होतं तेवढंच राहिलं, कंबर मात्र धरली. तात्यापाऱ्यातल्या घरून शंकर नगरच्या ऑफिसात पोहोचलो की मी आधी भिंतीला टेकायचो, मग हजेरी लावायचो. सीट वर केली, खाली केली, कमरेला पट्टा बांधला, बायकोकडून तेल चोळून घेतलं. चोळता चोळताच एक दिवस तिनं निकाल दिला.

"भाऊबीजेले माझा भाऊ येईल न, त्याले देऊन टाकते ही सायकल. रोज काहून कण्हत बसता?"

सायकल द्यायला मी तयार नव्हतो. दिवसभरात सायकलवरचा तो अर्धा तासच असा होता, की मला कोणी काही सांगत नसे.

मग महालक्ष्म्या आल्या. बायकोनं तांदळाच्या ओल्या पिठात मूठ बुडवून दारापासून आतपर्यंत लक्ष्मीची पावलं उमटवली. मी नेमका आंघोळ करून ओल्या पायांनी त्यांच्या शेजारून गेलो.

"थांबा! हलू नका!"

वाटलं, पाऊल पुसलं. पण ती वाकून फरशीच बघत होती. "हे पहा, लक्ष्मीचं पाऊल मधात कसं बारीक आहे. अन् हे तुमचं. पोळपाट!"

कॉलेजात जाणारी, इथल्या हिंदीतच वाढलेली आमची पोट्टी धावत आली. "पापा, आपके पैर में तो कमर ही नहीं है!"

दोघी पोट धरून हसल्या. मला हसतानाही कमरेत कळ आली.

दोन दिवसांनी पंडरीच्या बाजारात चपलेचा अंगठा शिवायला गेलो. चपला दुरुस्त करणाऱ्या काकांनी ती उलटीपालटी केली. "भैया, सायकिल भी इसी में चलाते हो?"

"हव."

त्यांनी माझी रबरी चप्पल पोळीसारखी दुमडून दाखवली. आतली कड पार झिजली होती. "पैर अंदर गिरता है, पीछे-पीछे घुटना. दोनों को संभाले कौन? कमर."

मग माझ्या कडक तळाच्या जुन्या बुटांत त्यांनी चामड्याचा, मधे उंचवटा असलेला सुकतळा बसवून दिला. पॅडलवर पायाचा मध्य टेकवायचा नाही, अंगठ्यामागचा फुगीर भाग टेकवायचा, हेही बजावलं.

पहिले चार दिवस बुटात लिंबू घेऊन फिरल्यासारखं वाटलं. महिन्याभरानं मात्र एका सकाळी मी भिंतीला न टेकताच हजेरी लावली. घरी बोललो नाही. बोललो असतो तर रोग बायकोनं शोधला हे कबूल करावं लागलं असतं.

भाऊबीजेला मेहुणा आला. जेवणं झाली. सायकल दारातच धुऊन पुसून ठेवलेली.

"एक शेवटचा चान्स," बायको म्हणाली. "पाटावरून हात न टेकवता उठा. उठले तर तुमची, नाही तर याची."

मी उठलो. सरळ उठलो. सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच वाटलं.

"वा भाऊजी!" म्हणत मेहुणाही उठायला गेला आणि अर्ध्यातच थांबला. एक हात जमिनीवर, एक कमरेवर. "आई गं!"

बायकोनं दाराशी काढलेल्या त्याच्या मऊ रबरी चपलांकडे पाहिलं. मग तांब्यातलं पाणी फरशीवर ओतलं.

"चाल रे यातून," ती म्हणाली.